बंदूक काही दिवस घराबाहेर : करवीर तालुक्यातल्या एका कुटुंबाचे प्रकरण

हे प्रकरण कोल्हापूर शहराला लागून असलेल्या, पंचगंगेच्या काठावरच्या एका गावातले आहे. कुटुंबाच्या परवानगीने ते लिहितो आहे. गावाचे नाव दिलेले नाही, माणसांचा उल्लेख नात्यानेच केला आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी शहरातल्या एका कुटुंब सल्ला केंद्रात वकील म्हणून काम करतो. या घरची लेक आमच्याकडे आली तिथून पुढचे मी स्वतः पाहिले. त्याआधीचे घरच्यांनी सांगितले.

बंदुकीच्या कायद्यावर आपल्याकडे बोलणे होते ते कुठे गोळीबार झाला की, नाहीतर निवडणूक लागली की. या घरात गोळी सुटली नाही. पण सुटेल की काय अशा धास्तीत घरच्यांनी काही आठवडे काढले, आणि त्या आठवड्यांत कायद्याने त्यांच्या हाती काय दिले आहे हे त्यांना सांगणारे कुणी भेटत नव्हते. अशी घरे कोल्हापूर जिल्ह्यात आणखीही असणार, म्हणून हे सविस्तर मांडतो आहे.

पार्श्वभूमी

आण्णा पासष्टीच्या आसपासचे. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि नंतर बरीच वर्षे बँकांची रोकड नेणाऱ्या गाडीवर सुरक्षारक्षक होते. आपल्या जिल्ह्यात घरटी एक जवान देणारी गावे आहेत, आणि बँकेच्या दारात दुनळी घेऊन बसलेला माणूस बहुधा माजी सैनिकच असतो. ठेकेदाराला स्वतःची बंदूक आणि स्वतःचा परवाना असलेला माणूस हवा असतो, त्याला पगारही थोडा जास्त मिळतो. आण्णांनी त्यासाठीच बारा बोरची डबल बॅरल घेतली. पुढे गुडघे बोलायला लागले आणि नोकरी सुटली. बंदूक घरी राहिली.

ती लोखंडी कपाटात असायची. काडतुसेही त्याच कपाटाच्या खणात. किल्ली देव्हाऱ्यामागे, आणि ती तिथे असते हे नातवंडांनाही ठाऊक. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, बंदूक पुसून पाटावर मांडली जायची. कोयता, खुरपे, ट्रॅक्टरची किल्ली यांच्याबरोबर तिचीही पूजा व्हायची. काकूंच्या बोलण्यात ती ‘ह्यांच्या नोकरीची खूण’ होती. तिची भीती अशी कुणाला कधी वाटली नव्हती.

शेजारचे घर धाकट्या भावाचे, तात्यांचे. दोन घरांत एकच भिंत. वडिलांनी शेत तोंडी वाटून दिले होते. सातबाऱ्यावर नावे एकत्रच. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत बांध खचला, हद्दीचे दगड जागचे हलले. तेवढ्यात शहर सरकत सरकत गावापर्यंत आले आणि गुंठ्याचा भाव असा चढला की पूर्वी एक सरी इकडे-तिकडे गेली तरी हसून सोडून देणारे भाऊ टेप घेऊन उभे राहायला लागले. तात्यांनी आपल्या वाट्याचा विकासकाशी बोलणी करून विसार घेतला. आण्णांचे म्हणणे, वाटणी कागदावर नाहीच, तर वाटा कसला विकता? भाऊबंदकीचे हे रूप करवीर तालुक्यात कुठल्याही गावात सापडेल. या घरात त्याला एका माणसाचे आतून खचणे येऊन मिळाले होते, आणि तिकडे कुणाचे लक्ष नव्हते.

प्रश्न कुठे उभा राहिला

एका सकाळी तात्यांनी बांधावर जेसीबी आणला. आण्णा सोप्यातून बाहेर आले, हातात दुनळी. नेम धरला नाही, शिवीगाळ केली नाही, जेसीबीकडे बघत पायरीवर उभे राहिले. बंदुकीत काडतूस होते की नव्हते हे आजही नक्की कुणाला माहीत नाही. चालक मशीन तिथेच सोडून पळाला. पुतण्याने मोबाइलवर चित्रण केले, आणि दुपारपर्यंत ते गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर होते.

पोलीस ठाण्यात तात्यांच्या तक्रारीवर अदखलपात्र नोंद झाली. दुसऱ्या दिवशी बीट अंमलदार येऊन दोन्ही घरांना समज देऊन गेले. गावाच्या दृष्टीने प्रकरण इथे मिटले.

लेक हातकणंगले तालुक्यात शिक्षिका आहे. ती चित्रण बघून माहेरी आली आणि तिसऱ्या दिवशी आमच्याकडे. आण्णा तात्यांना मारतील अशी तिला धास्ती होती. बोलता बोलता तिने आणखी एक गोष्ट सांगितली, तीही जाता जाता, जणू महत्त्वाची नसल्यासारखी. आण्णांनी तिला आदल्या रात्री विचारले होते, “माझ्यामागं पेन्शन तुझ्या आईच्या नावावर व्हायला किती दिस लागत्यात गं?” त्याआधी महिनाभर ते रात्री दोनला उठून सोप्यात बसत होते. पहाटेचे देवळात जाणे बंद झाले होते. साखर कारखान्याची ऊसबिलाची पावती त्यांनी जावयाच्या हाती दिली होती, ‘तुम्हीच ठेवा’ म्हणून.

“एक तर तो ऱ्हाईल न्हाईतर मी” हे वाक्य सगळ्या गावाने ऐकले होते आणि त्याचा पहिला अर्धा भाग सगळ्यांच्या ध्यानात राहिला होता. दुसऱ्या अर्ध्याकडे कुणी पाहिले नव्हते. माझ्या मते या प्रकरणातला खरा प्रश्न तिथे होता. आण्णा भावासाठी जितके धोक्याचे होते, त्याहून जास्त स्वतःसाठी होते.

बंदुकीवरच्या जाहीर वादातही हेच घडते. अमेरिकेत शाळेतल्या, बाजारातल्या गोळीबारांच्या बातम्या आपल्यापर्यंत येतात. पण तिथे बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, हे वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असते. बंदूक हाताशी असली की मनात आलेला वाईट क्षण परतवायला वेळच मिळत नाही. तोच क्षण टळला तर बहुतेक माणसे पुढे जगतात. त्यामुळे अशा घरात पहिला प्रश्न असा पडतो की हा माणूस आणि ते हत्यार यांच्यात काही आठवड्यांचे अंतर कसे पाडायचे.

कोणते पर्याय समोर होते

मुलगा चाकणला कारखान्यात नोकरीला आहे. त्याचा पहिला विचार सरळ होता : रात्रीतून बंदूक उचलून गाडीच्या डिकीत टाकायची आणि चाकणला नेऊन ठेवायची. शंभरातली नव्वद घरे हेच करतील. पण शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ प्रमाणे परवाना ज्याच्या नावावर आहे त्यानेच शस्त्र बाळगायचे. परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्राने दुसऱ्याने बंदूक नेता येते, तीही दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा खुद्द धारकाच्या वापरासाठी. बापाच्या नकळत नेलेली बंदूक मुलाजवळ सापडली असती तर विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा गुन्हा त्याच्यावर लागला असता, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची किमान शिक्षा दोन वर्षे कैद आहे. काडतुसांनाही परवाना लागतो. म्हणजे काडतुसे काढून शेजाऱ्याकडे ठेवणे हाही गुन्हाच. घर वाचवायला निघालेला मुलगा आरोपी होतो, हे त्याला पटवायला बराच वेळ गेला.

दुसरा मार्ग फौजदारी. धमकी दिल्याचा गुन्हा नोंदवून घ्यायचा आग्रह तात्यांच्या घरचे धरत होते. तो त्यांचा हक्क होता आणि त्यांची भीतीही खरी होती. लेकीला मात्र वाटत होते की गणवेशात आयुष्य काढलेल्या माणसाला चौकीत बसवले तर तो घरी परतल्यावर काय करील सांगता येत नाही. मला ते पटले. अटक होऊन जामीन झाला तर माणूस काही दिवसांत घरी येतो, आणि तो घरी येईल तेव्हा कपाटात काय असेल हा प्रश्न तसाच राहतो.

तिसरा मार्ग परवाना निलंबनाचा. कलम १७ प्रमाणे परवाना देणारा अधिकारी, आपल्या जिल्ह्यात जिल्हा दंडाधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी, सार्वजनिक शांतता किंवा सुरक्षिततेसाठी आवश्यक वाटल्यास, किंवा धारक कोणत्याही कारणाने परवान्यास अयोग्य वाटल्यास, परवाना निलंबित किंवा रद्द करू शकतो. कारणे लेखी द्यावी लागतात. निलंबन झाले की कलम २१ प्रमाणे शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. धारकाला कलम १८ खाली अपील आहे, कोल्हापूरसाठी ते पुणे विभागीय आयुक्तांकडे जाते. रस्ता पक्का आहे, पण अहवाल, नोटीस, सुनावणी यांत वेळ जातो.

चौथ्या मार्गाची माहिती तर वकिलांतही फारशी नसते. त्याच कायद्याचे कलम २२. एखाद्या माणसाजवळ शस्त्र राहू देणे सार्वजनिक शांततेला किंवा सुरक्षिततेला धोक्याचे आहे असे मानायला दंडाधिकाऱ्यांना कारण असेल, तर ते कारण लिहून झडतीचा आदेश देता येतो आणि शस्त्र आवश्यक वाटेल तितका काळ सुरक्षित ताब्यात ठेवता येते, त्या माणसाकडे वैध परवाना असला तरीही. अमेरिकेत ज्याला ‘रेड फ्लॅग’ कायदा म्हणतात त्याचा गाभा हाच आहे. तिथे असा पहिला कायदा कनेक्टिकट राज्याने १९९९ मध्ये केला. आदल्या वर्षी राज्य लॉटरीच्या कार्यालयात एका कर्मचाऱ्याने चार वरिष्ठांना गोळ्या घालून स्वतःला संपवले होते. २०१८ मध्ये पार्कलंडच्या शाळेत १७ जण मारले गेल्यावर फ्लोरिडाने तसाच कायदा केला, आणि आज वीसहून अधिक राज्यांत तो आहे. कनेक्टिकट आणि इंडियाना इथल्या अनुभवावरून अभ्यासकांनी अंदाज बांधला आहे की अशा साधारण दहा ते वीस जप्तींमागे एक आत्महत्या टळते.

आपल्याकडे हे कलम त्यांच्या चाळीस वर्षे आधीपासून आहे. फरक आहे तो दाराचा. तिथल्या अनेक राज्यांत बायको, मुलगी, भाऊ न्यायालयात स्वतः अर्ज करू शकतात, काही दिवसांत सुनावणी होते, बंदूक काढून घेतलेल्या माणसाचे म्हणणे ऐकले जाते आणि आदेशाला मुदत असते. आपल्या कलमात दंडाधिकाऱ्यांना अधिकार आहे. घरच्यांनी कुणाकडे जायचे, किती दिवसांत उत्तर मिळेल, शस्त्र परत कधी मिळेल, यातले काही लिहिलेले नाही. शिवाय झडती म्हणजे घरासमोर सरकारी गाडी आणि जमलेला गाव. आण्णांसारख्या माणसावर ते शेवटचे हत्यार म्हणूनच वापरायला हवे असे आमचे मत पडले. अर्जाचा मसुदा मात्र तयार करून ठेवला.

पाचवा मार्ग असा की आण्णांनीच आपल्या हाताने बंदूक विक्रेत्याकडे सुरक्षित ठेवीला द्यायची. यात कायद्याची अडचण काहीच नव्हती. अडचण आण्णांच्या मनाची होती.

निर्णयाची घडी

लेकीने घरी विषय काढला तेव्हा आण्णांचे उत्तर ठरलेले होते. “आजवर एक गोळी वाया घालवली न्हाई मी. आता तू मला शिकीव.” काकू मधे पडल्या, त्यांनाही गप्प केले.

वाट सापडली ती निवडणुकीतून. आचारसंहिता लागली की जिल्ह्यात परवानाधारकांची छाननी होते, जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांचा समावेश असलेली समिती यादी तपासते, आणि ज्यांना नोटीस जाते ते बंदूक ठाण्यात जमा करून पावती घेतात. निकाल लागला की परत आणतात. आण्णांनी हे नोकरीत असताना केलेले होते. त्यात अब्रू जाते असे गावात कुणी मानत नाही. लेक म्हणाली, “आण्णा, इलेक्शनला जमा करता तशी करा. जमिनीची मोजणी होऊ दे, मग आणा. तात्यांच्या तोंडाला कुलूप लागंल.” तिने बापाच्या मनाबद्दल, झोपेबद्दल शब्द काढला नाही. ते पुढच्या दारासाठी राखून ठेवले.

हेच वाक्य दुसऱ्या दिवशी आण्णांच्या पलटणीतल्या एका निवृत्त सुभेदाराने आणि गावच्या पोलीस पाटलांनी सोप्यात बसून पुन्हा सांगितले. सुभेदार साहेब म्हणाले, “ड्यूटी संपली की हत्यार कोतात जमा. आपण आयुष्यभर हेच केलं की.” सैन्यात शस्त्रागाराला कोत म्हणतात, आणि तिथे हत्यार जमा करण्याला कमीपणा चिकटलेला नसतो. आण्णा तयार झाले, पण एका अटीवर : खंडेनवमीची पूजा होऊ दे, दसऱ्यानंतर देतो.

इथे दोन मते पडली. मुलाला थांबणे मंजूर नव्हते. मध्ये बरेच दिवस होते. लेकीला वाटत होते, ताणले तर तुटेल. शेवटी मधला मार्ग असा निघाला की काडतुसे लगेच जमा करायची आणि बंदूक दसऱ्यानंतर. आण्णा स्वतः मुलाला बरोबर घेऊन, परवान्याची वही खिशात घालून, शहरातल्या परवानाधारक विक्रेत्याकडे गेले आणि काडतुसे मोजून देऊन पावती घेऊन आले. किल्लीची जागा बदलली, ती काकूंकडे आली. कुटुंबाने स्वतःच्या बळावर घेतलेला हा सर्वांत चांगला निर्णय होता असे मला वाटते. आधी अर्धे मिळाले, आणि ते अर्धे दुसऱ्या अर्ध्याहून महत्त्वाचे होते. तरी ज्या घरात माणूस उघडपणे मरणाबद्दल बोलतो आहे, तिथे पूजेपर्यंत थांबू नये. तिथे त्याच रात्री ११२ ला फोन करावा, किंवा कलम २२ चा अर्ज सकाळी नेऊन द्यावा.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बंदूकही गेली.

उपचार

माजी सैनिकांच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकमध्ये आण्णा रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी जातच होते. लेकीने तिथल्या डॉक्टरांना आधी फोन करून झोपेचे सांगितले, आणि त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. ‘मनाचा डॉक्टर’ म्हटले असते तर ते गेले नसते; ‘झोपेची तपासणी’ म्हटल्यावर गेले. तिथे नैराश्याचे निदान झाले आणि औषधे सुरू झाली.

पहिल्याच भेटीत त्या डॉक्टरबाईंनी लेकीला बाजूला घेऊन विचारले, “घरात शेतीची औषधं कुठं ठेवता?” हे कुणाच्याच यादीत नव्हते. उसाचे तणनाशक आणि भाजीवरचे कीटकनाशक गोठ्याशेजारच्या खोलीत, बिनकुलपाचे, डबेच्या डबे. आम्ही सगळे कपाटाकडे बघत होतो. आपल्या ग्रामीण भागात आत्महत्येत कीटकनाशकाचा वाटा किती मोठा आहे हे तालुक्यातला प्रत्येक डॉक्टर जाणतो. श्रीलंकेने १९९० च्या दशकात सर्वांत जहाल कीटकनाशकांवर बंदी आणली आणि त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. बंदुकीला जे लागू तेच औषधाच्या डब्याला : वाईट वेळी ते हाताशी नसावे. डबे त्याच संध्याकाळी कुलपात गेले. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक डॉक्टरांनी काकूंच्या मोबाइलमध्ये स्वतः साठवून दिला.

जमिनीचे काय झाले

हे थोडक्यात सांगतो. भूमी अभिलेख कार्यालयाकडे शासकीय मोजणीचा अर्ज दोघांच्या सहीने गेला. तोवर बांधाला हात लावायचा नाही असे तंटामुक्त समितीसमोर ठरले. पोलिसांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १०७ प्रमाणे, दोन्ही भावांवर चॅप्टर केस, म्हणजे प्रतिबंधक कारवाई, केली. कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर दोघांनी शांतता राखण्याचे बंधपत्र दिले. आण्णांना एकट्याला बोलावले नाही, दोघांना सारखेच उभे केले, याचा फायदा झाला. मोजणीत हद्द बरीचशी तात्यांच्या म्हणण्याजवळ निघाली. आण्णांना ते लागले. त्या दिवशी कपाट रिकामे होते. महसूल संहितेच्या कलम ८५ खालची वाटणी हे लिहिताना चालू आहे.

गावातला आणि शहरातला वाद

चित्रण फिरल्यावर गावात आणि शहरातही चर्चा पेटली. त्यातली बरीच मी स्वतः ऐकली, आणि तिला दुर्लक्षून हे प्रकरण पुरे होत नाही.

एक बाजू म्हणत होती, नोकरी संपली तर परवाना संपवा. घरात बंदूक हवी कशाला? दुसऱ्या बाजूला माजी सैनिक होते. त्यांचे म्हणणे, ज्याने शिस्तीत हत्यार हाताळले त्याच्याकडून काढून घेता, आणि मध्य प्रदेशातून येणारा गावठी कट्टा पोराटोरांच्या कमरेला सापडतो त्याचे काय? राधानगरी, आजरा, चंदगडकडचे शेतकरी सांगत होते की रानडुकरांचा कळप उसात शिरला की रात्रभर राखण करणाऱ्याजवळ निदान आवाज काढायला काहीतरी हवे. कुणीतरी कोल्हापूरच्या नेमबाज तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांची नावे घेतली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने रायफलमध्ये कांस्य आणले. या जिल्ह्यात बंदूक हे पोरांचे स्वप्नही आहे. आणि याच शहरात १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून परतणाऱ्या कॉम्रेड गोविंद पानसरे आणि उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या, चार दिवसांनी पानसरे गेले. ती जखम बोलणाऱ्या प्रत्येकाच्या मनात होती.

मला यातल्या प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी खरे वाटते. बेकायदा हत्यारांचा माग काढणे हे पोलिसांचे काम आहे आणि परवाने कितीही कमी केले तरी त्याने ते होणार नाही. पण परवानाधारक शिस्तीचा आहे म्हणून त्याच्या घरात धोका नाही, हे म्हणणे या प्रकरणात टिकले नाही. आण्णा शिस्तीचेच होते. शिस्तीच्या माणसालाही नैराश्य येते, भाऊ वैरी वाटायला लागतो, रात्र लांबते. परवाना मागताना डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी घेतात. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रे, समारंभात गोळीबार केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अशा चांगल्या तरतुदीही त्याच दुरुस्तीत आल्या. पण दोन नूतनीकरणांमधल्या पाच वर्षांत नोकरी जाते, बायको जाते, जमीन जाते, आणि घरात काय चालले आहे हे विचारायला कुणी येत नाही. ते दिसते फक्त घरच्यांना. माझी मागणी त्यांच्यासाठी आहे : त्यांना अर्ज करता यावा, त्यावर ठरावीक दिवसांत निर्णय व्हावा, आणि बंदूक परत मिळण्याची वाटही त्या आदेशातच लिहिलेली असावी. वाट परतीची असेल तरच माणूस स्वतःहून जमा करायला येईल.

निष्पत्ती

अदखलपात्र नोंदीवरून पोलिसांचा अहवाल गेला आणि आण्णांना परवान्याबाबत कारणे दाखवा नोटीस आली. तोवर शस्त्र विक्रेत्याकडे जमा होते आणि पावती हातात होती. आण्णांनी उत्तरात तेच लिहिले. परवाना काही मुदतीसाठी निलंबित झाला. त्यांनी अपील केले नाही.

चार-सहा महिन्यांत झोप सुधारली. आता ते पुन्हा पहाटे देवळात जातात, नातवाला सायकलवर शाळेत सोडतात. तात्यांशी बोलणे नाही. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या दिवाळ्या झाल्या. तात्यांच्या बायकोला अजूनही रात्री कपाटाचा आवाज आला की झोप लागत नाही, असे तिने काकूंना पाणवठ्यावर सांगितले. म्हणजे त्या घराची भीती या घरातल्या कागदांनी गेलेली नाही.

वेगळे काय करता आले असते

नोकरी सुटली तेव्हाच. ज्या कारणासाठी परवाना घेतला ते कारण संपल्यावर ठेकेदार गणवेश परत घेतो. बंदुकीबद्दल त्याच दिवशी एक वाक्य बोलले गेले असते, आणि आण्णांचे मन तेव्हा ठीक होते, तर शस्त्र विकण्याचा किंवा कलम १७ खाली स्वतः परवाना रद्द करून घेण्याचा विचार शांतपणे झाला असता.

काडतुसे आणि बंदूक एकाच कपाटात, किल्ली सगळ्यांना ठाऊक, हे वर्षानुवर्षे चालले. वेगवेगळी कुलपे, वेगवेगळ्या किल्ल्या, एवढ्याला खर्च येत नाही. आता आमच्या केंद्रात भाऊबंदकीचे किंवा नवरा-बायकोचे कोणतेही प्रकरण आले की पहिल्याच भेटीत घरात परवान्याचे शस्त्र आहे का, शेतीची औषधे कुठे असतात आणि रात्रीची झोप कशी आहे, हे विचारतो. सातबारा त्यानंतर.

तात्यांच्या घराला या सगळ्यात बाजूला ठेवले गेले, हे मला सलते. बंदूक जमा झाल्याचे त्यांना गावातल्या बोलण्यातून कळले. पोलीस पाटलांनी पावतीची प्रत त्याच दिवशी त्यांना नेऊन दाखवली असती तर त्या बाईची निम्मी धास्ती तरी कमी झाली असती. ज्याला धमकी मिळाली त्याला सुरक्षित वाटणे हाही प्रतिबंधाचाच भाग आहे.

आणि चित्रण. पुतण्याने ते पोलिसांना द्यायला हवे होते. ग्रुपवर टाकल्याने आण्णांची गावातली मान खाली गेली, आणि त्यानंतरचे आठ-दहा दिवस सर्वांत वाईट होते असे काकू सांगतात.

निलंबनाची मुदत आता संपत आली आहे आणि नूतनीकरणही जवळ आहे. आण्णांना बंदूक परत हवी आहे. येत्या खंडेनवमीला पाटावर ती असावी असे ते म्हणतात. काकूंची ना नाही. मुलगा विकून टाका म्हणतो. लेकीने जिल्हाधिकारी कार्यालयाला देण्यासाठी एक पानाचा अर्ज आमच्याकडून लिहून घेतला आहे. परवाना देण्याला तिचा विरोध नाही, पण निर्णयाआधी मानसोपचारतज्ज्ञांचा ताजा अहवाल मागवावा आणि कुटुंबाचे म्हणणे ऐकावे, एवढीच त्यात विनंती आहे. अर्ज देण्याआधी तो तिने आण्णांना वाचून दाखवला. त्यांनी चष्मा लावून पुन्हा एकदा स्वतः वाचला आणि खाली, तिच्या सहीशेजारी, आपलीही सही केली.